ग्म्युंड : एका रेल्वे स्थानकाने विभागलेले सीमावर्ती शहर – ऐतिहासिक व भौगोलिक अभ्यास

बीजसंज्ञा : ग्म्युंड, चेस्के वेलेनित्से, सेंट जर्मेनचा तह, स्वयंनिर्णयाचे तत्त्व, रेल्वे, सीमारेषा

प्रस्तावना

पहिल्या महायुद्धानंतरच्या शांतता तहांचे अध्यापन करताना आपल्याकडे व्हर्सायच्या तहाला जेवढा वेळ दिला जातो, त्याच्या दशांशही वेळ सेंट जर्मेनच्या तहाला मिळत नाही. पदवी स्तरावरील बहुतेक क्रमिक पुस्तकांत या तहाची बोळवण चार-सहा ओळींत केलेली असते. ऑस्ट्रियाचे साम्राज्य विघटित झाले, झेकोस्लोव्हाकियाला अमुक प्रदेश मिळाला, इटलीला तमुक मिळाला, एवढे सांगून अध्यापक पुढच्या प्रकरणाकडे वळतो. विद्यार्थ्यांनी नकाशावर रंगवलेली ती रेषा प्रत्यक्ष जमिनीवर कोणाच्या अंगणातून, कोणत्या कारखान्याच्या कुंपणालगत गेली, हा प्रश्न वर्गात फारसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात हाच प्रश्न ऑस्ट्रियाच्या उत्तर सीमेवरील ग्म्युंड या लहानशा शहराच्या संदर्भात विचारण्याचा प्रयत्न केला आहे. शहराची लोकसंख्या सुमारे साडेपाच हजार, म्हणजे आपल्याकडील एखाद्या मोठ्या खेड्याएवढी. तथापि १९१९ च्या आंतरराष्ट्रीय तहाच्या कलमात या शहराच्या रेल्वे स्थानकाचा आणि रेल्वे कार्यशाळेचा नावानिशी उल्लेख आहे. हा बहुमान, की दुर्दैव, याचा निर्णय वाचकांनी पुढील विवेचनावरून करावा.

भौगोलिक स्थान

ग्म्युंड हे शहर लोअर ऑस्ट्रिया प्रांताच्या वाल्डफिअर्टेल या विभागात, व्हिएन्नाच्या वायव्येस वसले आहे. 'वाल्डफिअर्टेल' याचा शब्दशः अर्थ 'वनांचा चतुर्थांश'. लोअर ऑस्ट्रियाचे परंपरेने जे चार भाग मानले जातात त्यांपैकी हा एक. सदर प्रदेश भूशास्त्रीय दृष्ट्या आल्प्स पर्वताशी संबंधित नसून बोहेमियाच्या प्राचीन ग्रॅनाइटी पठाराचा दक्षिणेकडील विस्तार आहे. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे पाचशे मीटर, हिवाळा दीर्घ व कडक, माती पातळ आणि आम्लधर्मी. त्यामुळे गव्हाच्या समृद्ध शेतीऐवजी राय, बटाटा, खसखस आणि जवस ही पिके येथे रुजली. शेतीतून पुरेसे उत्पन्न नसल्याने विणकाम, काचकाम आणि दगडकाम यांवर लोकांनी गुजराण केली. आजही शहरात बटाट्यापासून स्टार्च तयार करणारा मोठा कारखाना आहे, तसेच काच व दगड यांना वाहिलेले एक संग्रहालय आहे.

शहराच्या नावातच त्याचा भूगोल दडलेला आहे. जर्मन भाषेत 'मुंडुंग' म्हणजे नदीमुख वा संगम. लाइनझिट्झ आणि ब्राउनाऊबाख या दोन प्रवाहांच्या संगमावर हे गाव वसले म्हणून ते ग्म्युंड. आपल्याकडील संगमेश्वर वा संगमनेर ही नावे ज्या न्यायाने पडली, त्याच न्यायाने. परंतु येथे एक महत्त्वाचा भेद लक्षात घ्यावा लागतो. ऑस्ट्रियाचे जवळजवळ सर्व पाणी डॅन्यूबमार्गे काळ्या समुद्राला मिळते. लाइनझिट्झ मात्र उत्तरेकडे वाहते, झेक प्रदेशात तिला लुझनित्से म्हणतात, ती व्हल्टावाला आणि व्हल्टावा एल्बला मिळते. म्हणजे ग्म्युंडचे पाणी उत्तर समुद्राला जाते. जलविभाजक शहराच्या दक्षिणेस असल्याने निसर्गतः हा प्रदेश व्हिएन्नापेक्षा प्रागकडे उतरतो. 'नैसर्गिक सीमा' हा शब्दप्रयोग राजकारणी मंडळी सैलपणे वापरतात. ग्म्युंडबाबत निसर्गाची साक्ष काढायची तर ती कोणत्याही पक्षाला पूर्णतः सोयीची ठरत नाही.

शहरालगत ब्लॉकहाइडे नावाचे निसर्ग उद्यान आहे. ग्रॅनाइटच्या विदारणातून तयार झालेल्या प्रचंड गोलाकार शिळा तेथे एकमेकींवर रचून ठेवल्यासारख्या दिसतात. याच परिसरातून १५° पूर्व रेखावृत्त जाते. मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५° रेखावृत्तावरून जशी भारतीय प्रमाणवेळ ठरते, तशी मध्य युरोपीय प्रमाणवेळ या १५° रेखावृत्तावरून ठरते.

मध्ययुगीन सीमा

बाराव्या शतकापर्यंत बोहेमिया आणि ऑस्ट्रिया यांच्या दरम्यान घनदाट अरण्याचा पट्टा होता. त्यास 'रेषा' असे स्वरूप नव्हते. दोन्ही बाजूंनी जंगलतोड करीत वसाहती पुढे सरकू लागल्या, तेव्हा तंटे सुरू झाले आणि ११७९ मध्ये सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा याने दोन्ही राज्यांमधील सीमा निश्चित करून दिली. त्यानंतर थोड्याच वर्षांत, ११८५ मध्ये, बोहेमियाच्या ड्यूकने शेजारच्या वाइट्राचा प्रदेश क्युनरिंग घराण्यातील दुसरा हादमार यास जहागीर म्हणून दिला. क्युनरिंग हे ऑस्ट्रियाच्या ड्यूकचे मांडलिक घराणे. म्हणजे जमीन बोहेमियाची, जहागीरदार ऑस्ट्रियाचा, अशी ही सरंजामी व्यवस्था होती. ग्म्युंड शहराची स्थापनाही याच घराण्याने केली. कालांतराने हा प्रदेश लोअर ऑस्ट्रियात पूर्णपणे सामावला गेला व पुढे अनेक शतके ही सीमा जवळपास स्थिर राहिली. किंबहुना १५२६ नंतर बोहेमिया आणि ऑस्ट्रिया हे दोन्ही प्रदेश हॅब्सबर्ग घराण्याच्या एकाच छत्राखाली आल्यामुळे ती आंतरराष्ट्रीय सीमा न उरता दोन प्रांतांमधील प्रशासकीय सीमा बनली.

बाराव्या शतकातील या जहागिरीच्या व्यवहाराचा उल्लेख करण्याचे कारण असे की, सुमारे सव्वासातशे वर्षांनंतर पॅरिसच्या शांतता परिषदेत झेक बाजूने 'वितोराझ्को' (वाइट्राच्या प्रदेशाचे झेक नाव) हा मूळचा बोहेमियाचा भाग असल्याचा जो दावा मांडला, त्याचा आधार हाच होता.

रेल्वेचे आगमन

ग्म्युंडच्या आधुनिक इतिहासाला कलाटणी मिळाली ती लोहमार्गामुळे. व्हिएन्नाहून बुडवाइस व पिल्सेनमार्गे एगरपर्यंत जाणारी 'सम्राट फ्रान्झ जोसेफ रेल्वे' ही खाजगी कंपनीने बांधली. १८६९ मध्ये बुडवाइसपासून ग्म्युंडमार्गे एगेनबुर्गपर्यंतचा, तर १८७० मध्ये तेथून व्हिएन्नापर्यंतचा मार्ग खुला झाला. १८७१ मध्ये ग्म्युंडहून ताबोरमार्गे प्रागला जाणारा दुसरा फाटा सुरू झाला. परिणामी पिल्सेनकडील व प्रागकडील या दोन महत्त्वाच्या मार्गांचे जंक्शन ग्म्युंड येथे आले. मात्र ते जुन्या तटबंदीच्या गावात आले नाही. सपाट व मोकळी जागा हवी असल्याने स्थानक आणि मोठी कार्यशाळा लाइनझिट्झच्या पलीकडे, उंटरवीलांड्स या खेड्याच्या हद्दीत उभारली गेली. १८८४ मध्ये ही रेल्वे सरकारच्या मालकीची झाली, तोवर कार्यशाळेभोवती कामगारांची नवी वस्ती वाढू लागली होती. या कामगारांत बोहेमियातून आलेल्या झेक भाषिकांचे प्रमाण लक्षणीय होते.

जुने गाव आणि नवे स्थानक यांत अंतर असल्याने १९०७ मध्ये त्यांना जोडणारी विजेच्या तारेवर चालणारी मोटारगाडी, म्हणजे आजच्या परिभाषेत ट्रॉलीबस, सुरू करण्यात आली. तत्पूर्वी १९०० मध्ये येथूनच आसपासच्या खेड्यांकडे जाणाऱ्या अरुंदमापी रेल्वेचा आरंभ झाला होता. एका मागास, डोंगराळ जिल्ह्याच्या ठिकाणी विसाव्या शतकाच्या प्रारंभी ट्रॉलीबस धावत होती, ही बाब शहराच्या तत्कालीन महत्त्वाकांक्षेविषयी बरेच काही सांगते.

निर्वासितांची छावणी

१९१४ मध्ये रशियन सैन्य गॅलिशियात घुसल्यानंतर तेथून लक्षावधी लोक पश्चिमेकडे पळाले, किंवा लष्कराने त्यांना हलवले. ऑस्ट्रियन शासनाने त्यांच्यासाठी राष्ट्रीयत्वानुसार वेगवेगळ्या छावण्या उभारल्या. पोलिशांसाठी खोत्सेन्य, इटालियनांसाठी वाग्ना, तर रुथेनियन, म्हणजे आजच्या परिभाषेत युक्रेनियन, निर्वासितांसाठी ग्म्युंड. ही निवड अर्थातच रेल्वे जंक्शनमुळे झाली. पाच हजारांहून कमी वस्तीच्या गावाशेजारी एका वेळी तीस हजारांच्या घरात माणसे राहू लागली. छावणीत लाकडी बराकी, रुग्णालय, शाळा, चर्च आणि कामाच्या कार्यशाळा होत्या. तरीही गर्दी, थंडी, अपुरा आहार आणि साथीचे रोग यांमुळे हजारो निर्वासित येथे मृत्यू पावले. त्यांत बालकांची संख्या मोठी होती. युद्धानंतर याच छावणीच्या जागेवर शहराचा नवा भाग वसला. आज तेथे राहणाऱ्यांच्या घरांच्या पायाखाली गॅलिशियातील शेतकऱ्यांच्या बराकींची आखणी आहे. युद्धाचा इतिहास लिहिताना आपण रणभूमीकडे पाहतो. रणभूमीपासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या अशा ठिकाणांची नोंद मात्र क्वचितच घेतली जाते, हे येथे खेदाने नमूद करावेसे वाटते.

तह आणि विभाजन : १९१९-१९२०

२८ ऑक्टोबर १९१८ रोजी झेकोस्लोव्हाकियाची आणि १२ नोव्हेंबर १९१८ रोजी 'जर्मन-ऑस्ट्रिया' प्रजासत्ताकाची घोषणा झाली. दोन्ही नव्या राष्ट्रांनी एकाच भूमीवर परस्परविरोधी हक्क सांगितले. येथे प्रत्येक पक्षाची तात्त्विक भूमिका बारकाईने पाहणे आवश्यक आहे. बोहेमिया व मोरावियाच्या कडेला राहणाऱ्या सुमारे तीस लक्ष जर्मन भाषिकांबाबत व्हिएन्ना सरकार स्वयंनिर्णयाचे तत्त्व पुढे करीत होते. लोकांची भाषा जर्मन असल्याने तो प्रदेश आपल्याकडे यावा, असे त्यांचे म्हणणे. याउलट प्राग सरकार बोहेमियाच्या राजमुकुटाच्या ऐतिहासिक, अखंड सीमांचा आग्रह धरीत होते. परंतु ग्म्युंडच्या बाबतीत दोघांनीही भूमिका अदलाबदल केल्या. येथे ऐतिहासिक प्रांतसीमा ऑस्ट्रियाच्या बाजूची होती, म्हणून व्हिएन्नाने तिचा आधार घेतला. प्रागने मात्र त्या सीमेपलीकडील प्रदेश मागितला आणि त्यासाठी झेक भाषिक खेड्यांचा, बाराव्या शतकातील जहागिरीचा व सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रेल्वेच्या गरजेचा दाखला दिला. असाच प्रकार दक्षिण मोरावियालगतच्या फेल्ड्सबेर्ग (आजचे वाल्तित्से) या गावाबाबत घडला. तेथेही लोहमार्गाचाच प्रश्न होता. तत्त्वांची ही देवाणघेवाण पाहता, सीमावादात तत्त्व आधी येते की हितसंबंध आधी येतो, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. परंतु केवळ झेक पक्षाला दोष देणेही अनैतिहासिक ठरेल, कारण व्हिएन्नाची विसंगती तेवढीच ठळक आहे.

१० सप्टेंबर १९१९ रोजी सेंट जर्मेन येथे तहावर स्वाक्षऱ्या झाल्या. सीमेचे वर्णन करणाऱ्या कलमात ग्म्युंडचे स्थानक, तेथील रेल्वे कार्यशाळा आणि दोन लोहमार्गांचा सांधा झेकोस्लोव्हाकियाच्या हद्दीत राहावा, असे स्पष्ट करण्यात आले. नद्या, शिखरे आणि खेडी यांच्या आधारे वर्णन केलेल्या सीमेत एका दुरुस्ती कारखान्याचा उल्लेख यावा, ही गोष्ट त्या काळाची मानसिकता उघड करते. कोळसा, लोहमार्ग व इंजिने यांवाचून नवे राष्ट्र टिकणार नाही, याची जाणीव महायुद्धाने सर्वांना दिली होती. झेक बाजूची मूळ मागणी याहून मोठी होती. प्रत्यक्षात जुने शहर, त्याचा चौक, किल्ला आणि चर्च ऑस्ट्रियाकडे राहिले. नदीपलीकडील स्थानक, कामगार वस्ती आणि आसपासची काही खेडी झेकोस्लोव्हाकियाकडे गेली. १६ जुलै १९२० रोजी तह अंमलात आला व ३१ जुलै १९२० रोजी प्रत्यक्ष हस्तांतर झाले.

ही घटना आकड्यांपेक्षा दैनंदिन जीवनाच्या अंगाने पाहिली पाहिजे. ज्या कामगाराचे घर जुन्या गावात होते, त्याची नोकरी आता परदेशात गेली. ज्याचे शेत नदीपलीकडे होते, त्याला नांगरणीसाठी सीमा ओलांडावी लागू लागली. ऑस्ट्रियाच्या वाट्याला आलेल्या भागात मुख्य स्थानकच उरले नाही, म्हणून शहराजवळच्या दुय्यम थांब्याला स्थानकाचा दर्जा द्यावा लागला. अरुंदमापी रेल्वेच्या मार्गाचा काही भागही झेक हद्दीत गेल्यामुळे ऑस्ट्रियाच्या एका खेड्यातून दुसऱ्या खेड्यात जाणारी गाडी मध्येच परराष्ट्रातून जाऊ लागली. ही अडचण दुसऱ्या महायुद्धानंतर मार्ग वळवल्यावरच दूर झाली.

हस्तांतरानंतर अवघ्या दोन आठवड्यांनी, १४ व १५ ऑगस्ट १९२० रोजी, फ्रान्झ काफ्का आणि मिलेना येसेन्स्का यांची ग्म्युंड येथे भेट झाली. तो प्रागहून आला, ती व्हिएन्नाहून. दोघांच्या शहरांच्या मध्यावरचे जंक्शन म्हणून हे ठिकाण निवडले गेले. वाङ्मयाचे अभ्यासक या भेटीकडे त्यांच्या नात्यातील उतरणीचा आरंभ म्हणून पाहतात. इतिहासाच्या अभ्यासकाला तीत आणखी एक गोष्ट दिसते. दोन वर्षांपूर्वी हीच दोन माणसे एकाच साम्राज्याचे नागरिक म्हणून तिकीट काढून येथे उतरली असती. आता त्यांच्या पत्रव्यवहारात गाड्यांच्या वेळांसोबत प्रवासाच्या कागदपत्रांचा विचारही शिरला होता.

झेक बाजूच्या वस्तीचे नाव आरंभी 'बोहेमियातील त्स्मुंट' असे ठेवले गेले. १९२२ मध्ये तेथील खेडी एकत्र करून 'चेस्के वेलेनित्से' ही स्वतंत्र नगरी अस्तित्वात आली. रेल्वेचे अधिकारी व कामगार, झेक शाळा आणि नवी घरे यांमुळे तिचे स्वरूप झपाट्याने झेक झाले.

म्युनिकपासून पोलादी पडद्यापर्यंत

मार्च १९३८ मध्ये ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन झाला आणि त्याच वर्षीच्या म्युनिक करारानंतर चेस्के वेलेनित्सेही जर्मनीकडे गेले. त्यास ग्म्युंडचा तिसरा विभाग म्हणून जोडण्यात आले. शहर पुन्हा एक झाले, पण ज्या राजवटीने ते एक केले तिच्या कृत्यांपुढे या एकीकरणाला काही अर्थ उरत नाही. १९४४-४५ च्या हिवाळ्यात ग्म्युंड येथील धान्याच्या एका कोठारात सुमारे १७०० हंगेरियन ज्यूंना डांबून ठेवण्यात आले. काही आठवड्यांत त्यांतील ४८५ जण भूक, थंडी व रोगराईने मरण पावले. धान्य साठवण्याच्या जागी माणसे उपाशी मरावीत, यावर भाष्य करण्याची आवश्यकता नाही.

२३ मार्च १९४५ रोजी अमेरिकन विमानांनी स्थानकावर प्रचंड बॉम्बवर्षाव केला. स्थानक व कार्यशाळा उद्ध्वस्त झाल्या, शेकडो माणसे ठार झाली. ज्या वास्तूसाठी १९१९ मध्ये सीमा वाकवली गेली होती, ती पंचवीस वर्षांतच ढिगाऱ्याच्या स्वरूपात उरली. मे १९४५ मध्ये सोव्हिएत सैन्य आले, सीमा पूर्ववत झाली आणि सूडाचे सत्र सुरू झाले. वितोराझ्कोतील खेड्यांमध्ये झेक सशस्त्र टोळ्यांनी जर्मनांशी सहकार्य केल्याच्या आरोपावरून अनेकांना चौकशीविना ठार मारले. २४ मे रोजी तुश्त या खेड्यात झालेले हत्याकांड त्यांपैकी सर्वांत कुप्रसिद्ध होय. मारल्या गेलेल्यांतील अनेकांची मातृभाषा झेक बोलीच होती. १९३८ मध्ये कागदावर कोणते नागरिकत्व लिहिले गेले, हाच त्यांचा अपराध ठरला. जर्मन भाषिकांची हकालपट्टीही याच सुमारास झाली.

ग्म्युंड १९५५ पर्यंत सोव्हिएत व्याप्त विभागात होते. तत्पूर्वीच, फेब्रुवारी १९४८ मध्ये प्रागमध्ये साम्यवादी सत्ता स्थापन झाली व लवकरच सीमेवर काटेरी तारा आल्या. त्या काही काळ विद्युतभारितही होत्या. दोन्ही बाजूंच्या घरांना एकमेकांची धुराडी दिसत, परंतु शेजाऱ्याकडे जाण्याचा मार्ग उरला नाही. अपवाद एकच, तो पुन्हा रेल्वेचा. १९५७ पासून बर्लिन, प्राग आणि व्हिएन्ना यांना जोडणारी 'विंडोबोना' ही गाडी याच मार्गाने धावू लागली व तिच्या प्रवाशांची कसून तपासणी येथे होत असे. १९८९ नंतर सीमा खुली झाली आणि १९९२ मध्ये ती गाडी ब्रेक्लावच्या मार्गावर वळवली गेली. सीमा बंद असताना आंतरराष्ट्रीय गाडी ग्म्युंडला येत होती. सीमा उघडली आणि ती गेली.

१९८९ नंतरचा कालखंड

१९९० च्या दशकात ग्म्युंड व चेस्के वेलेनित्से यांनी सीमेच्या दोन्ही बाजूंना पसरलेली संयुक्त औद्योगिक वसाहत उभारली. ऑस्ट्रिया १९९५ मध्ये, तर झेक प्रजासत्ताक १ मे २००४ रोजी युरोपीय संघात दाखल झाले. २१ डिसेंबर २००७ पासून शेंगेन व्यवस्थेनुसार सीमेवरील तपासणी बंद झाली. वाल्डफिअर्टेलमधील तरुण वर्ग व्हिएन्नाकडे स्थलांतरित होत असल्याने येथील उद्योग व सेवा व्यवसायांना झेक बाजूकडून येणाऱ्या कामगारांचा मोठा आधार आहे.

या सर्व प्रयोगांत रुग्णालयाचा प्रयोग मला सर्वाधिक महत्त्वाचा वाटतो. ग्म्युंडचे रुग्णालय सीमेपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. चेस्के वेलेनित्सेच्या रहिवाशाला मात्र आपल्या देशातील मोठ्या रुग्णालयासाठी सुमारे साठ किलोमीटर दूर चेस्के बुडेयोवित्से गाठावे लागे. २०१३ च्या सुमारास दोन्ही बाजूंच्या यंत्रणांनी करार करून झेक रुग्णांवर ग्म्युंड येथे उपचार सुरू केले. विम्याची रक्कम कोणी द्यायची, कागदपत्रे कोणत्या भाषेत ठेवायची, दुभाषी कोठून आणायचा, अशा किरकोळ वाटणाऱ्या बाबी सोडवण्यात वर्षे गेली. सीमा रद्द करण्याची घोषणा एका दिवसात होते, पण ती मोडीत काढण्याचे काम अशा कारकुनी तपशिलांतूनच करावे लागते.

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे ही सीमा पुन्हा बंद झाली. हस्तांतराला शंभर वर्षे पूर्ण होण्यास तेव्हा चार महिने उरले होते. रोज कामासाठी सीमा ओलांडणाऱ्या हजारो झेक कामगारांपुढे नोकरी की घर, असा प्रश्न उभा राहिला. सप्टेंबर २०२४ मध्ये लाइनझिट्झला महापूर आला, तेव्हा दोन्ही नगरांना एकाच पाण्याशी झुंजावे लागले. आणि २०२५ मध्ये लोअर ऑस्ट्रिया प्रांताने स्वीकारलेल्या आरोग्य आराखड्यात ग्म्युंडचे रुग्णालय भविष्यात बंद करून त्याऐवजी लहान स्वरूपाची वैद्यकीय सुविधा देण्याचे योजले आहे. शहरातील नागरिकांनी या निर्णयाला विरोध केला. तो अंमलात आल्यास ग्म्युंडच्या रहिवाशालाही उपचारांसाठी दूरच्या शहरांची वाट धरावी लागेल, आणि चेस्के वेलेनित्सेच्या रुग्णाला पुन्हा साठ किलोमीटरचा प्रवास करावा लागेल.